पिनबॉल मशीन, कस्टम्सची ड्यूटी आणि दलालाने केलेली फसवणूक

अमेरिकेतल्या विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉल मशीन, म्हणजे नाणं टाकून काचेखालच्या फळीवर चेंडू टोलवायचं खेळाचं यंत्र, बनवणं थांबवलं. त्यामुळे त्यांचं मशीन हवं असेल तर ते वापरलेलंच मिळतं. मी शिकागोजवळच्या एका संग्राहकाकडून १९९२ सालचं मशीन घेतलं आणि इथला एक दलाल गाठला. ‘ड्यूटीसकट घरपोच, तुम्ही काही बघायचं नाही,’ असं त्याचं बोलणं होतं.

जहाज न्हावा शेवाला लागताच व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा हिशेब आला. माल, भाडं आणि विमा मिळून पाच लाख. त्यावर २० टक्के मूळ सीमाशुल्क, एक लाख. पुढच्या ओळीत समाजकल्याण अधिभार १० टक्के, ५० हजार. पहिली चोरी इथेच होती. हा अधिभार मालाच्या किमतीवर लागत नाही, मूळ सीमाशुल्कावर लागतो. एक लाखाचे १० टक्के म्हणजे १० हजार. शिवाय आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, या सगळ्या बेरजेवर बसतो, म्हणून तोही फुगलेला. सोबत ड्यूटी भरल्याचं शिक्का मारलेलं चलन होतं, तेही बनावट निघालं. सगळी रक्कम त्याने स्वतःच्या खात्यात घेतली.

दुसरी चोरी याहून वाईट. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाचा तपशील कस्टम्सकडे देण्याच्या कागदात, त्याने मशीनची किंमत निम्म्याहून कमी दाखवली आणि माल ‘नवा’ लिहिला. माझ्याकडून पैसे पूर्ण किमतीवर आणि सरकारकडे कागद अर्ध्या किमतीचा! तपासणीत क्रेट उघडला, तर नाण्याच्या दाराचं कुलूप गंजलेलं, चेंडू टोलवणाऱ्या फ्लिपरशेजारी प्लेफिल्डचा, म्हणजे खेळाच्या फळीचा, रंग उडालेला. तीस वर्षं वापरलेलं मशीन नवं कोण म्हणेल? भांडवली माल (उत्पादनासाठी लागणारी यंत्रं वगैरे) सोडून इतर वापरलेल्या वस्तू आणायच्या तर डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, परवानगी लागते. ही गोष्ट त्याने अखेरपर्यंत माझ्यापासून दडवली.

आयातदार म्हणून कागदावर नाव माझं. त्यामुळे सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १११ आणि ११२ खाली जप्ती आणि दंडाची नोटीस मला आली, दलालाला नाही. त्याचा फोन बंद. कस्टम्स ब्रोकरचा परवाना त्याच्या नावावर नव्हताच, दुसऱ्याच्या परवान्यावर तो कामं उरकत होता. या प्रकाराचा मला मनापासून संताप आहे, कारण हौसेने एखादी वस्तू मागवणाऱ्या साध्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

जुनं मशीन मागवणार असाल तर माल तिकडून निघण्याआधी परवानगी हातात घ्या. ब्रोकरचा परवाना क्रमांक मागून कस्टम हाउसमध्ये खात्री करा. बिल ऑफ एंट्री दाखल करण्यापूर्वी तिचा मसुदा ओळ न् ओळ वाचा, किंमत आणि ‘नवा की वापरलेला’ हे आधी बघा. तिचा नंबर मिळाला की आयसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर तिची स्थिती स्वतः तपासा. ड्यूटीही तिथेच ऑनलाइन भरता येते, ती कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकू नका. ब्रोकरची फी वेगळी, तिचं बिल वेगळं घ्या.