क्लाउडसिम की भाड्याचं खरं क्लाउड?

रावेरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला प्रोजेक्टसाठी हा प्रश्न पडलाय. केळीचे रोजचे भाव दाखवणाऱ्या ॲपवर सकाळी एकदम गर्दी झाली, तर किती सर्व्हर लागतील आणि खर्च किती येईल?

क्लाउडसिम क्लाउडची फक्त नक्कल करतं; भाड्याच्या क्लाउडवर कंपनीचे खरे सर्व्हर नेटवरून पैसे मोजून वापरायचे. पैशांच्या बाबतीत क्लाउडसिम सरळ पुढे. मेलबर्न विद्यापीठातल्या राजकुमार बुय्या यांच्या गटाचं हे जावामधलं मुक्त साधन साध्या लॅपटॉपवर, एकदा उतरवलं की नेटशिवायही चालतं. शेकडो व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) उभी करा, बिल शून्य. भाड्याच्या क्लाउडवर मशीन थांबवलं तरी जोडलेल्या डिस्कचे पैसे सहसा लागतच राहतात. नवख्यांना हे बिल आल्यावर कळतं.

खरेपणात मात्र चित्र उलटं. क्लाउडसिममध्ये तुमचं ॲप चालतच नाही. कामाचा तुकडा म्हणजे ‘क्लाउडलेट’, त्याची लांबी दशलक्ष सूचनांच्या हिशेबात. लांबी ४०,००० आणि मशीनचा वेग १,००० एमआयपीएस (सेकंदाला इतक्या दशलक्ष सूचना) असेल, तर उत्तर ४० सेकंद. मशीनच्या भाड्याचे दरही आपणच त्यात टाकायचे. डेटाबेसवरची रांग किंवा मोबाइल नेटवर्कचा अडखळा त्यात आपोआप येत नाही. आकडे अंदाजाने भरले, तर निकालही अंदाजच, मग आलेख कितीही देखणा असो.

तोच प्रयोग पुन्हा करायचा तर क्लाउडसिम बरं. खऱ्या क्लाउडवर दर वेळी वेळ थोडा बदलतो.

कामवाटपाच्या दोन पद्धतींची तुलना हा प्रोजेक्ट असेल, तर क्लाउडसिम पुरे. ॲप खरंच शेतकऱ्यांच्या हाती द्यायचं असेल, तर बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेला पोचला की येणारा इशारा) लावून थोडे तास खरं क्लाउड घ्या आणि तिथले आकडे क्लाउडसिममध्ये भरा.