टायर एका साईडनी घासायलंय? नवं घ्यायच्या आधी परभणीच्या चाचांना दाखवा

परभणीत जिंतूर रोडला टायरच्या दुकानांना तोटा नाही, पण मी ज्याच्याबद्दल लिहायलोय ते म्हणजे एक पत्र्याचं शेड, बाहेर जुन्या टायरांचा ढीग, एक कॉम्प्रेसर, आणि पाटी उन्हानी इतकी उडालेली की नाव वाचताच येत नाही. सगळे चाचांचं दुकान म्हणूनच ओळखतात. मी बी-बियाण्याच्या लाईनमधला, मानवत पाथरी सेलू गंगाखेड असं कृषी सेवा केंद्रं फिरत राहायचं, सगळं गाडीवरच, गाडी पल्सर दीडशे. पेट्रोल कंपनी देते, टायर आपल्या खिशातून. म्हणून टायर कुठं घ्यायचं हा आमच्यासाठी लई जिव्हाळ्याचा विषय आहे, हसू नका.

झालं असं की मागचं टायर मधून सपाट पडलेलं आणि उजव्या अंगानी जरा जास्तच खाल्लेलं, डावीकडची नक्षी मात्र बऱ्यापैकी शाबूत. पुढच्याची तऱ्हा वेगळीच, हात फिरवला की उंचवटा खड्डा उंचवटा खड्डा लागायचा, गाडी चाळीस-पन्नासला आली की हँडलला थरथर आणि खालून घूं घूं असा आवाज, मागं बसणाऱ्याला वाटायचं बेअरिंगच गेलं. आधी एका चकाचक एसी शोरूमला गेल्तो, नाव घेत नाही, तिथल्या पोरानं गाडीकडं नीट पाह्यलं पण नाही, दोन्ही टायर चेंज करा सर, मागं जरा रुंद टाकू, लूक येतो. लूक काय करायचाय मला, मी काय पिक्चरमध्ये चाललोय का.

मग एका गिऱ्हाईकानी चाचांचं सांगितलं. चाचांचं वय साठीच्या पुढं असंल, बोलणं कमी, आणि बोलले तरी निम्मं मराठी निम्मं आपलं परभणीचं हिंदी. मी म्हणलं चाचा पल्सरचे दोन्ही टायर किती बसतील? तर रेट सांगायच्या ऐवजी म्हणले, "पैले टायर बगू द्या भाऊ, पैशाचं मंग बोलू." चष्मा कपाळावर सारला, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि तळहात टायरवरून आधी एका दिशेनी फिरवला, मग उलटा फिरवला. मलाही हात लावायला लावला. एकीकडून हात गुळगुळीत सरकतो, उलटीकडून नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड बोटाला अडते, करवतीच्या दातावरून हात न्यावा तसं. थोडंफार असं पुढच्या टायरला होतंच म्हणले, पुढचा ब्रेक लागला की रबर एकाच बाजूला ओढलं जातं, पण हे थोडंफार नाही.

नंतरची गंमत बघण्यासारखी होती. गाडी मेन स्टँडला लावली, दुकानातल्या पोराला मागच्या सीटवर बसवलं की पुढचं चाक आपोआप उचललं गेलं, आणि चाचांनी शॉकपचे दोन्ही पाय खालून धरून पुढं-मागं हलवले. कट कट कट. मला स्पष्ट ऐकू आलं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला. मग गाडी खाली घेतली, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर दिला आणि सोडला, चांगला शॉकप असंल तर एकदा वर येतो आणि थांबतो, माझा नाचत बसला, वर एका पायाच्या सीलमधून तेल पाझरल्याचा काळा ओघळ. आता हे दोन्ही मिळून काय होतं तर चाक रस्त्याला चिकटून चालत नाही, उड्या मारत चालतं, जिथं आपटतं तिथं जास्त घासतं, जिथं उचलतं तिथं कमी, आणि एकदा असे खड्डे पडले की टायर स्वतःच गाडीला अजून हलवायला लागतं, म्हणजे दुखणं वाढतच जातं. हवा कमी असली तरी हेच होतं, चाकाचं बॅलन्स नसलं तरी होतं, चाकाचं बेअरिंग गेलं तरी होतं, म्हणून चाचांनी चाक हातानी आडवंतिडवं हलवून बेअरिंग पण तपासलं, ते ठीक निघालं.

आणि आता ऐका, या माणसानी मला पुढचं टायर विकलंच नाही. "आज नवं टाकलं तर तेबी असंच खाऊन जाईल, मंग तुमी मलाच शिव्या द्याल." कोनसेट आणि शॉकपचं तेल-सील ते करत नाहीत, खोक्याचा एक तुकडा फाडून त्यावर काय काय करायचं ते लिहून दिलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडं धाडलं. गिऱ्हाईक खिशात पैसे घेऊन आलंय आणि दुकानदार म्हणतोय आज नको. असलं दुकान जगात जर्मनी नि भारतात परभणीतच सापडंल.

मागच्या टायरचं दुखणं वेगळं होतं आणि तिथं चाचांनी जे केलं ते कुठल्या शोरूमला केलेलं मी तरी पाह्यलं नाही. कोपऱ्यातून सुतळीचा गुंडा काढला. सुतळी मागच्या टायरला एका बाजूनी चिकटवून, म्हणजे टायरच्या मागच्या कडेला आणि पुढच्या कडेला दोन्हीकडं टेकंल अशी, ताणून सरळ पुढच्या चाकापर्यंत नेली, मग दुसऱ्या बाजूनी तसंच. हिशोब असा की माझ्या पल्सरचं मागचं टायर शंभर मिलिमीटर रुंद आणि पुढचं ऐंशी, म्हणजे पुढचं चाक सरळ धरलं की दोन्ही बाजूला सुतळी आणि टायरच्या मधी साधारण एक-एक सेंटिमीटर फट दिसायला पाहिजे, आणि दोन्हीकडं सारखी पाहिजे. माझ्या गाडीला एका बाजूला बोट जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला सुतळी जवळजवळ टेकलेली! म्हणजे मागचं चाक तिरपं बसलेलं, गाडी सरळ जातेय असं आपल्याला वाटतं पण मागचं चाक जरा कडंकडंनी ओढलं जातंय, खेकड्याच्या चालीनी, आणि ओढलं जाणारं रबर घासणार नाही तर काय करंल.

कारण काय, तर चेन टाईट करताना ज्या कुणी केली त्यानी एका बाजूचा ॲडजस्टर जास्त फिरवला आणि दुसऱ्या बाजूचा कमी. मागचं चाक ज्याच्यात बसतं त्या चिमट्याच्या दोन्ही बाजूला बारीक रेघा असतात, त्या दोन्हीकडं सारख्या आल्या पाहिजेत, एवढं साधं काम. सर्व्हिसिंगला गाडी दिली होती तिथं हे झालेलं दिसतं, तेही नाव राहू द्या, पण बिलात चेन ॲडजस्टमेंट आणि टायर चेकअप असं दोन्ही लिहिलेलं होतं, चेकअप काय केलं देवाला माहीत. चाचांचं म्हणणं की रेघांवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका, गाडी कधी पडलेली असली, चिमटा वाकलेला असला किंवा चिमट्याचे बुश गेलेले असले तर रेघा बरोबर दिसतात आणि चाक तिरपंच राहतं, सुतळी मात्र खोटं बोलत नाही. एक्सलचा नट सैल करून, दोन्ही ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवत, परत सुतळी, परत फेरा, शेवटी दोन्ही फटी सारख्या आल्या, आणि मग चेनची ढील बोटानी वर-खाली करून बघितली. याचे पैसे किती घेतले सांगू? चहाचे. म्हणजे खरंच म्हणले पोराला चहा सांगा.

उजव्या अंगाबद्दल मात्र एक गोष्ट त्यांनी सांगितली ती लई जणांना माहीत नसंल. आपल्याकडं उजवी बाजू थोडी जास्त घासणं हे मुळातच नॉर्मल आहे. पाणी कडंला वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडंला उतरता असतो, आपण चालतो डाव्या हातानी, त्यामुळं गाडी सरळ उभी असली तरी तिच्या उजव्या अंगाची जमीन कायम जराशी वर, आणि टायरचा उजवा खांदाच जास्त टेकतो. त्यात उजवीकडं वळताना वळसा मोठा पडतो, डावीकडचं वळण आखूड. म्हणून थोडा फरक दिसला की लगेच गाडी वाकली म्हणून घाबरायचं नाही, पण डावीकडं नक्षी भरपूर आणि उजवीकडं गुळगुळीत असा फरक असंल तर मग सुतळी. आणि मधला सपाट पट्टा? तो आमच्यासारख्यांच्या नशिबीच आहे, सरळसोट रस्ता, वळण कुठं तर थेट गावाच्या फाट्याला, सगळं वजन मधल्या पट्ट्यावर. सपाट झालेल्या टायरवर वळताना गाडी आधी आडून धरते आणि मग एकदम झुकते, हे मला जाणवायचं पण त्याचं कारण टायर आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

हवेवरून चाचा चिडतात, त्यांच्यासमोर उन्हाळ्यात हवा कमी ठेवा असं म्हणू नका. आपल्याकडं मे महिन्यात डांबर पाघळतं म्हणून अर्धा जिल्हा टायरमधली हवा काढत फिरतो, टायर फुटंल या भीतीनी. उलट आहे ते. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, सारखी दबून-उठून गरम होते, आणि घासतं पण खांद्याकडून. जास्त भरली की मधला पट्टा जातो आणि खड्ड्यात आपटून कंबर जाते ती वेगळीच. माझ्या पल्सरला पुढं पंचवीस पीएसआय, मागं एकटा असलो तर अठ्ठावीस, डबल सीट असंल तर बत्तीस, तुमच्या गाडीचं मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. आणि हवा चेक करायची ती सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना. पन्नास किलोमीटर पळवून पंपावर चेक केली तर आकडा वरच दिसणार, आणि मग पंपावरचं पोरगं हवा काढून ठेवतं.

मागचं टायर तेवढं त्याच दिवशी बदललं कारण त्याच्यात जीवच नव्हता. टायरच्या खाचेत मधी-मधी रबराचे छोटे उंचवटे असतात, साईडला टीडब्ल्यूआय (टायर किती झिजलं ते दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं त्याच्या सरळ रेषेत, नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपलं, टू-व्हीलरला ही मर्यादा ०.८ मिलिमीटरची. माझं एका बाजूनी कधीच बरोबरीला आलेलं. नवं टायर चाचांनी आधी माझ्या हातात दिलं, तारीख वाचा म्हणले. साईडला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, म्हणजे २३२४ असंल तर २०२४ मधला तेविसावा आठवडा. जुना माल गळ्यात मारणारे हे कधी दाखवत नाहीत. बसवताना टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनी, आणि टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर, कारण ठिपका म्हणजे टायरची हलकी जागा आणि व्हॉल्व्हपाशी रिमला वजन, जमून जातं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर दमानी चालवा म्हणले, नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पकड येत नाही. पुढचं टायर मिस्त्रीकडचं काम झाल्यावर जाऊन टाकलं, थरथर गेली, घूं घूं गेलं.

आता खटकलेलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल चाचांनी कमिशन दिलं. कॉम्प्युटरवर बॅलन्सिंग होत नाही, पिवळ्या ठिपक्यावरच भागवतात, शंभरच्या पुढं चालवणाऱ्यांनी दुसरीकडं बघावं. माल दोनच कंपन्यांचा ठेवतात, आपल्या साईजचं नसलं तर दोन दिवस थांबा. रुंद टायर मागितलं तर टाकून देत नाहीतच, वर लेक्चर मिळतं, माझ्यासमोर कॉलेजच्या एका पोराला सुनावलं की बारीक रिमवर रुंद टायर बसवलं की ते दोन्हीकडून चेमटतं, मधून फुगतं आणि जमिनीवर टेकायला पाहिजे तसं टेकतच नाही. त्याच पोराच्या मागच्या टायरला एकाच जागी पैशाएवढा सपाट डाग होता, मागचा ब्रेक दाबून गाडी घसरवायची हौस, चाचांनी डाग बघितला, पोराकडं बघितलं, काहीच बोलले नाहीत.

रेट म्हणाल तर मागचं टायर शोरूमपेक्षा थोडं कमीच पडलं, फार फरक नाही, फिटिंग त्यातच धरलं. बसायला जागा नाही, सावलीला लिंबाखाली गाडी लावायची. शुक्रवारी दुपारी बंद असतं, सकाळी लवकर जा, अकराच्या पुढं ट्रॅक्टरवाले आले की तुमचा नंबर संध्याकाळी लागतो. स्टार चारच दिलेत, पाचवा कापला कारण पक्की पावती देत नाहीत, फोनपे घेतात पण वॉरंटीचं काम निघालं तर कंपनीला दाखवायला हातात कागद नको का, दोनदा मागितली तर म्हणले माझं तोंड हीच पावती.