गोलघुमटाच्या गच्चीवरून विजापूर

विजापूरला सहलीला जाणारी बहुतेक मराठी मंडळी गोलघुमट पाहायला म्हणून निघतात आणि तो ऐकून परत येतात. आत टाळी वाजवली की ती सात वेळा परत ऐकू येते, ही या वास्तूची शाळेपासून कानावर पडलेली कीर्ती. त्यामुळे जिना चढून आलेला माणूस थेट घुमटाच्या आतल्या सज्जात शिरतो, दोनचार आरोळ्या ठोकतो, पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकाशी कुजबुजून पाहतो आणि थोड्याच वेळात खाली उतरू लागतो. त्याच सज्जाच्या दाराबाहेर घुमटाला वेढून असलेली उघडी गच्ची आहे आणि तिच्यावरून आदिलशाहीची जवळजवळ सारी राजधानी एका फेरीत पाहता येते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या मते इतक्या पायऱ्या चढण्याचे सार्थक होते ते या गच्चीवर, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः तिच्याविषयी आहे.

ही कबर मुहम्मद आदिलशहाची. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६ अशी झाली, आणि दक्षिणेकडील दरवाजावरच्या कोरीव लेखांतून त्याच्या मृत्यूचे हिजरी १०६७, म्हणजे इसवी सन १६५६, हे वर्ष निघते. मराठी वाचकाला हा सुलतान परका नाही. शहाजीराजे याच्याच दरबारचे सरदार होते, १६४८ मध्ये जिंजीच्या मोहिमेत त्यांना कैद झाली ती याच्याच हुकमाने, आणि ज्या वर्षी हा सुलतान वारला त्याच वर्षाच्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली होती. वास्तूचा रचनाकार म्हणून याकूत दाभोळी याचे नाव सांगितले जाते, म्हणजे कोकणातल्या दाभोळ बंदराचा धागाही या दगडांत गुंतलेला आहे. आत चौथऱ्यावर सुलतान, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नर्तकी यांच्या कबरींच्या प्रतिकृती आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत.

चढण्याआधी तळाशी मध्यभागी उभे राहून पाच मिनिटे वर पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे, कारण वर गेल्यावर आपण नेमके कशावर उभे आहोत हे त्याशिवाय कळत नाही. आतली जमीन सुमारे ४१ मीटर बाजूचा चौरस आहे, आणि त्यात एकही खांब नाही. चौरसावर गोल घुमट बसवण्यासाठी भिंतींतून आठ कमानी उचलल्या आहेत. त्या एकमेकींना अशा छेदतात की दोन चौरस एकावर एक तिरपे ठेवल्याचा आकार वर तयार होतो, आणि त्या छेदांतून पुढे आलेल्या बांधकामावर सज्जा आणि घुमट टेकतात. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आणि बाहेरचा सुमारे ४४ मीटर, म्हणजे कवचाची जाडी जवळजवळ तीन मीटर भरते. बाहेर ढकलू पाहणाऱ्या या कवचाला आत झुकलेल्या बांधकामाचे वजन मागे खेचून धरते. गाईड मंडळी हा 'जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट' असल्याचे ठासून सांगतात. रोमचे पँथिऑन ४३ मीटरहून थोडे अधिक, तेथीलच सेंट पीटर्सचा घुमट ४१ मीटरहून अधिक आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचाही याहून मोठा आहे, तेव्हा हा क्रमांक मोजमापाला टिकत नाही. आणि इतक्या भव्य वास्तूला खोट्या क्रमांकाची गरजही नाही.

चढण वास्तूच्या चार कोपऱ्यांना जोडलेल्या अष्टकोनी मनोऱ्यांपैकी एकातून होते. प्रत्येक मनोरा सात मजल्यांचा आहे आणि जिना दगडी भिंतीच्या पोटातून वळत वर जातो. पायऱ्या उंच आहेत, काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत आणि जिना इतका अरुंद आहे की वरून उतरणारी शाळकरी पोरांची रांग समोर आली, तर भिंतीला पाठ टेकून उभे राहण्यावाचून इलाज नसतो. प्रत्येक मजल्यावर मात्र कमानीच्या खिडक्या आहेत, तेथे थांबून दम खाता येतो, आणि दर मजल्यागणिक खालची बाग, मग नगारखाना, मग झाडांचे शेंडे आणि मग दूरवरची छपरे अशी नजर वर सरकत जाते. गुडघ्यांचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच बंदिस्त जागेत घाबरे होणाऱ्यांनी ही चढण टाळलेली बरी. दुसरी सोपी वाट नाही. लहान मुले आनंदाने चढतात, परंतु उतरताना त्यांचा हात सोडू नये. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून येणे हा शुद्ध अविचार आहे.

सातव्या मजल्यावरून बाहेर पडले की गच्ची लागते. चौकोनी इमारतीवर तिच्या रुंदीच्या जवळपास मोठा असा गोल बसवलेला असल्यामुळे ही गच्ची चारही बाजूंच्या मध्यावर अरुंद आणि कोपऱ्यांकडे ऐसपैस झाली आहे, त्यामुळे निवांत उभे राहायचे असेल तर कोपरा गाठावा. घुमटाच्या पायथ्याशी फिरलेल्या दगडी कमळपाकळ्या, ज्या खालून नुसती नक्षी वाटतात, येथे हाताच्या अंतरावर येतात आणि मग या वास्तूचे प्रमाण पहिल्यांदा अंगावर येते. त्यांच्या मागे घुमटाची राखाडी पाठ डोक्यावरून वर निघून जाते.

गोलघुमट जुन्या शहराच्या पूर्व कडेला, तटाच्या आत उभा आहे, आणि आदिलशाहीच्या बाकीच्या बहुतेक महत्त्वाच्या वास्तू त्याच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला पसरल्या आहेत. या एका गोष्टीवर गच्चीची सारी मौज अवलंबून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि त्याचा तिरपा उजेड समोरच्या शहरावर पडतो, त्यामुळे प्रत्येक घुमट, मिनार आणि कमान वेगळी उठून दिसते. घुमटाची स्वतःची लांब सावली बागेवरून शहराच्या दिशेने पडलेली असते आणि ऊन चढेल तशी ती आखडत जाते. दुपारी हेच दृश्य पांढरट आणि सपाट होते, दगड तापतो आणि डोळे दिपतात. संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे जातो, पण वास्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होत असल्याने उन्हाळ्यात सूर्यास्त गच्चीवरून मिळत नाही. म्हणून दार उघडते त्या वेळी, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास, तेथे हजर असावे. सोलापूरहून पहाटे निघून शंभर किलोमीटर येणाऱ्यांना हे कठीण आहे. त्यांनी आदल्या रात्री विजापुरात मुक्काम करावा.

नैर्ऋत्येला सर्वांत आधी नजरेत भरतो तो जामा मशिदीचा घुमट. अली आदिलशहा पहिला याने १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर ही मशीद बांधायला घेतली. तिचा घुमट गोलघुमटापेक्षा पुष्कळ लहान, परंतु डौलाच्या बाबतीत मला तो सरस वाटतो, आणि हे मत गोलघुमटावर उभे राहून बनवणे अधिक सोपे आहे, कारण येथून त्याची बाह्यरेषा संपूर्ण दिसते. त्याच्या पलीकडे, पश्चिमेला, अर्ककिल्ल्याचा, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्याचा, परिसर येतो. १५६१ चा गगनमहाल आणि १५८३ ची सातमंजली तेथेच आहेत. इमारतींच्या गर्दीत त्या ओळखायला थोडा वेळ लागतो, तेव्हा शहराचा एखादा साधा नकाशा बरोबर असल्यास फार उपयोग होतो. तेथे दिशादर्शक चित्रफलक लावला गेला, तर पर्यटकांचे मोठे काम होईल.

अर्ककिल्ल्याच्या बाजूला नजर सरावली की बारा कमानच्या काळपट कमानी शोधाव्यात. मुहम्मदचा मुलगा अली आदिलशहा दुसरा याने बापाच्या घुमटावर ताण करण्यासाठी स्वतःच्या कबरीचे हे काम काढले, परंतु ते अर्धवट राहिले आणि १६७२ मध्ये तो वारला. तो चौथरा एका बाजूला ६५ मीटरच्या आसपास भरतो. गोलघुमटाच्या गच्चीवर उभे राहून त्या छपराविना राहिलेल्या कमानींकडे पाहिले की एका पिढीत राज्याचे बळ किती ओसरले याचा अंदाज येतो. पुढे १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने शहर घेतलेच. त्याहून दूर, तटाच्या पश्चिमेला, येथून सुमारे साडेतीन किलोमीटरवर इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहा दुसरा याची कबर, आहे. हवा स्वच्छ असेल तर त्याचे नाजूक मिनार दिसतात, धुरकट असेल तर तर्काने समाधान मानावे लागते. पावसाळा संपल्यानंतरचे दोन-तीन महिने यासाठी सर्वांत चांगले.

पूर्वेची बाजू बहुतेक जण सोडून देतात, कारण तिकडे नाव घेण्यासारखी वास्तू नाही. रेल्वेचे रूळ आणि स्थानक, नव्या वस्त्या, आणि त्यांच्यामागे क्षितिजापर्यंत सपाट, उघडे, ज्वारीचे पठार एवढेच तिकडे दिसते. तरीही ही बाजू मी आवर्जून पाहायला सांगेन. सोलापूरकडून येताना हा घुमट शहराच्या कितीतरी आधी का दिसू लागतो आणि भोवती एकही डोंगर नसलेल्या या राजधानीला सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट का बांधावा लागला, हे त्या सपाटीकडे पाहिल्यावर सांगावे लागत नाही. सह्याद्रीच्या गडांवर वाढलेल्या मराठी नजरेला तर हा फरक विशेष जाणवतो.

आता सज्जाविषयी. गच्चीवरून घुमटाच्या भिंतीतील दारांतून आत शिरले की आपण जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवरच्या, साडेतीन मीटरच्या आसपास रुंद असलेल्या गोल सज्जात येतो. एका बाजूची कुजबुज भिंतीच्या वळणाने सरकत समोरच्या माणसाच्या कानाशी पोचते, आणि टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागत असल्याने त्याची प्रत्येक आवृत्ती सुटी ऐकू येते. हा चमत्कार खरा आहे आणि अनुभवण्यासारखा आहे, मात्र आत फार तर चारपाच माणसे असतील तोवरच. सहलीच्या दोन बस रिकाम्या झाल्या की शिट्ट्या, आरोळ्या आणि नावांचा पुकारा यांचा असा कल्ला होतो की स्वतःचा आवाजही परत मिळत नाही, आणि कोणाच्या तरी कबरीच्या डोक्यावर उभे राहून आपण हे करतो आहोत, याचे भान कोणालाच उरत नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर गच्चीला मी निःशंकपणे पाच देईन. सज्जाला सकाळी साडेचार आणि सुटीच्या दिवशी दुपारी दीड.

यावरून क्रम असा ठरवावा की सकाळी लवकर चढून आधी सज्जात जावे, एक टाळी वाजवावी, एक वाक्य कुजबुजावे, आणि गर्दी येण्यापूर्वी बाहेर पडून उरलेला सगळा वेळ गच्चीला द्यावा. पाणी खालूनच बरोबर घ्यावे. गच्चीवर उन्हापासून आडोसा फक्त घुमटाच्या सावलीचा मिळतो, आणि तो सकाळी पश्चिमेला, म्हणजे सुदैवाने पाहण्याच्या बाजूलाच असतो. कठड्यावर बसून छायाचित्रे काढणारे महाभाग भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

भारतीयांसाठी तिकीट २५ रुपये आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. इतक्या पैशात एवढे मिळणारे ठिकाण या भागात मला दुसरे ठाऊक नाही. ज्यांना ही चढण झेपणार नाही, त्यांनी शहराच्या पश्चिमेकडील उपली बुरूज गाठावा. तो सुमारे २४ मीटर उंच आहे, त्याचा जिना बाहेरून, मोकळ्या हवेत वळत जातो, वर दोन लांब तोफा आहेत, आणि संध्याकाळी तेथून पूर्वेला पाहिले असता मावळतीचे ऊन गोलघुमटावर पडलेले दिसते. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे; गच्चीवरून पाहिलेल्या वास्तूंची नावे आणि सनावळी मनात ताजी असताना ते पाहावे, फक्त ते शुक्रवारी बंद असते आणि सकाळी दहाच्या आधी उघडत नाही, तेव्हा मधल्या वेळात न्याहारी उरकून घ्यावी.