नानांचं जीपीएस घड्याळ: कामाचं किती, बिनकामाचं किती

कंपनीचं नाव लिहीत नाही. असली घड्याळं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि त्यांचं आतलं यंत्र बरंचसं सारखंच असतं. काळी तबकडी, पोटात सिमकार्ड, बाजूला एक बटण आणि घरच्यांच्या फोनवर एक अॅप. खोक्यावर हसरे आजोबा. माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, अल्झायमर आहे. मधला टप्पा. पाय मात्र ठणठणीत आहेत आणि खरी पंचाईत तीच आहे.

नावं विसरण्याच्या आधी नाना रस्ते विसरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं की यात नवल नाही. मेंदूच्या ज्या भागात जागांचा नकाशा तयार होतो, तिथेच हा आजार लवकर शिरतो. तो नकाशा मेंदूत कसा बनतो, हे शोधणाऱ्या ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ साली नोबेल मिळालं. अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशन सांगते की स्मृतिभ्रंश झालेल्या दहापैकी सहा जण एकदा तरी घराबाहेर भरकटतात. तेव्हा ‘आमचे कुठे जात नाहीत हो’ या भरवशावर कुणी राहू नये.

घड्याळच का घेतलं? गळ्यातलं लॉकेट मिळतं, बुटाच्या तळात बसणारं यंत्र मिळतं. पण लॉकेट नाना काढून खुंटीला लावणार आणि बूट घालूनच बाहेर पडतील याची खात्री कोण देणार? घड्याळ मात्र त्यांनी जन्मभर डाव्या मनगटावर बांधलंय. ते हाताला नसेल तर त्यांनाच चुकल्यासारखं होतं. हा हिशेब बरोबर ठरला. नवं घड्याळ पहिल्याच दिवशी हातावर बसलं.

पण त्याच सवयीने दुसरा घोळ घातला. नानांचं जुनं घड्याळ चावीचं होतं. सकाळी उठलं की चावी द्यायची, ही सवय आजार अजून पोचला नाही अशा कुठल्यातरी कप्प्यात शाबूत आहे. ते या घड्याळाचं बाजूचं बटण चिमटीत धरतात, दाबतात आणि फिरवायला बघतात. बटण तीन सेकंद दाबलं की एसओएस, म्हणजे संकटाचा इशारा, जातो. म्हणजे रोज सकाळी माझा, भावाचा आणि वहिनीचा फोन एकदम बोंबलणार. मी घाबऱ्याघुबऱ्या विचारणार, “नाना, काय झालं?” आणि नाना मनगटाकडे रोखून बघत म्हणणार, “कोण बोलतंय आत?”

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात याच बटणाचं कौतुक आहे. आपण संकटात आहोत हे ज्याला उमगतं आणि बटण कशासाठी आहे हे आठवतं, त्याच्यासाठी ते उत्तम आहे. मग स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी म्हणून ते का विकतात, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या अॅपमध्ये एसओएस बंद करता आला, तेव्हा घरात शांतता झाली. घेण्याआधी ही सोय आहे का ते नक्की विचारा.

दुसरी तक्रार काळ्या तबकडीची. पडदा विझला की नाना म्हणतात, “बंद पडलं,” आणि घड्याळ काढून खणात ठेवतात. त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही, विझलेला पडदा आणि बंद घड्याळ दिसायला एकच. सेटिंगमध्ये ‘कायम चालू’ केलं आणि काटेवाली तबकडी निवडली, तसं काढणं थांबलं. बॅटरी त्यामुळे लवकर उतरते, ते सोसायचं.

आता मुख्य कामाकडे येते. माणूस कुठे आहे ते यावर कळतं का? कळतं, पण जाहिरातीतला तो लाल ठिपका डोक्यातून काढून टाका. जीपीएसचे उपग्रह फक्त संदेश पाठवतात. ते ऐकून आपली जागा काढायचं काम घड्याळाचं आणि ती आपल्या फोनपर्यंत पोचवायचं काम सिमचं. सिमचा रिचार्ज संपला किंवा रेंज गेली, तर घड्याळाला सगळं माहीत असूनही आपल्याला काहीच कळत नाही. उघड्या आभाळाखाली जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर येते. छपराखाली ते वायफाय किंवा मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो. नाना समोर खुर्चीत बसून पेपर वाचत असताना अॅप मला ‘नाना हद्दीबाहेर गेले’ (म्हणजे घराभोवती आखून दिलेल्या वर्तुळाबाहेर) असं कळवतं, ते यामुळेच. हद्दीचं वर्तुळ लहान ठेवलं की खोटे इशारे येतात आणि मोठं ठेवलं तर खरा इशारा उशिरा येतो. पहिल्या आठवड्यातच इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायची सवय लागते, आणि तोच यातला मोठा धोका आहे.

शिवाय घड्याळ सतत जागा कळवत नाही. आमचं दर दहा मिनिटांनी कळवतं. सावकाश, ताशी तीन किलोमीटरने चालणारा माणूस तेवढ्यात अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो. ‘लाइव्ह’ चालू केलं की मिनिटामिनिटाला जागा येते, पण बॅटरी भसाभस उतरते. म्हणून एरवी दहा मिनिटं आणि माणूस दिसेनासा झाला की तत्क्षणी लाइव्ह. हे कसं करायचं ते घरातल्या प्रत्येकाला आधीच करून दाखवून ठेवा, धावपळीत अॅपमधली बटणं कुणाला सापडत नाहीत.

तशी वेळ आमच्यावर आली. संध्याकाळ होती. या आजारात बऱ्याच जणांची घालमेल दिवस कलताना वाढते, तशी नानांचीही वाढते. मी फोनवर होते, दार नुसतं लोटलेलं होतं. अॅपवरचं अंदाजी जागेचं वर्तुळ दोन गल्ल्या आणि मधल्या तीन इमारती कवेत घेऊन बसलेलं. भाऊ एका टोकाने गेला, मी दुसऱ्या. हाका मारून उपयोग झाला नाही, कारण नाना हाकेला ओ देतातच असं नाही. मग मला ‘घड्याळ शोधा’ ही सोय आठवली. घड्याळ सोफ्याखाली वगैरे पडलं तर ते वाजवायला दिलेली. ती दाबली आणि गल्लीत उभी राहून कान दिला. मधल्या इमारतीच्या जिन्यातून टीं टीं ऐकू आलं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर नाना बसले होते, मनगटावर दुसरा हात दाबून धरलेला, चेहऱ्यावर वैताग. मला म्हणाले, “हे आधी बंद कर.”

या एका सोयीसाठी मी घड्याळाचे सगळे दोष पोटात घालायला तयार आहे. माहितीपुस्तिकेत तिला एक ओळ दिली आहे.

मात्र नाना बाहेर पडले हे मला घड्याळाने सांगितलं नव्हतं. त्याचा इशारा नाना सापडल्यावर आला! म्हणून दाराला चुंबकाची घंटी बसवली. एक तुकडा चौकटीला, दुसरा फळीला, दोन्ही वेगळे झाले की वाजते. घड्याळाच्या मानाने अगदीच स्वस्त आणि आमची अजून चुकलेली नाही. माणूस उंबऱ्यावर असतानाच कळणं आणि गल्ल्या धुंडाळायला लागणं, यात फार फरक आहे. दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर मी आधी घंटी घ्या म्हणेन. आणि सदऱ्याच्या खिशात नाव आणि दोन फोननंबर लिहिलेलं कार्ड असू द्या, त्याला चार्जिंग लागत नाही.

चार्जिंगची वेळ विचार करून ठरवा. रात्री घड्याळ काढून ठेवायचं नाही, कारण रात्रीच उठून दाराशी जाणारे पुष्कळ असतात. आम्ही आंघोळीच्या वेळी लावतो. पाण्यापासून बचावाचा आयपी६७ हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढंच. साबण आणि गरम वाफ यांची त्यात हमी नसते. तेवढ्यात पट्ट्याखालची कातडीही कोरडी करून बघता येते. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, तिथे ओल राहिली की लाल होते.

पडल्यावर इशारा देणारी सोय आहे. जोराचा हिसका आणि त्यानंतर हालचाल बंद, हे ती ओळखते. भिंतीला टेकत हळूच घसरून बसलेला माणूस तिला कळेल याचा भरवसा नाही. नाना पत्ते आपटून खेळतात, तेव्हा मात्र ते पडल्याचं तिने मला दोनदा कळवलंय. रक्तदाबाचा आकडा मी बघतच नाही, तो दंडाला पट्टा बांधूनच मोजावा. औषधाची आठवण वाजते, नाना “हो हो” म्हणून ती बंद करतात आणि गोळी डबीतच राहते. औषध हातात देऊन ते घेईपर्यंत समोर उभं राहायला माणूसच लागतो.

एक सोय मी पहिल्या दिवशीच बंद केली. समोरच्याला कळू न देता घड्याळाचा माइक चालू करून आजूबाजूचं ऐकायची. मुलांच्या घड्याळांतल्या अशाच सोयीमुळे जर्मनीने २०१७ मध्ये ती घड्याळं विकायला बंदी घातली. नानांना घड्याळ बांधण्याआधी आम्ही विचारलं होतं. मी कुठे आहे ते तुम्हाला कळेल, एवढ्याला ते हो म्हणाले होते. मी काय बोलतो ते ऐका, असं काही म्हणाले नव्हते.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. घड्याळ ४जी आहे का, कारण कितीतरी देशांत जुनी २जी, ३जी सेवा बंद झाली आहे किंवा होते आहे. आणि पट्टा कसा आहे. आमचा दोन बाजूंनी एकदम दाबल्याशिवाय निघत नाही, ते एका हाताने जमत नाही. स्क्रूने बंद होणारेही मिळतात, पण हात सुजला किंवा दवाखान्यात घाईने काढावं लागलं तर? मला तो प्रकार पटला नाही.

पाचपैकी तीन तारे. चौथा दिला असता, पण पट्ट्याची कडी ढिली झाली आहे आणि पट्टा सुटा मिळत नाही, अख्खं घड्याळ बदला म्हणतात. तक्रार नोंदवली आहे. उत्तर येईपर्यंत कडीवर चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि नाना ती रोज उकलून ठेवतात.