एकटीनं, पायी, एक दिवस: अहमदाबाद की बडोदा?

मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी दोन्हीपैकी कुठेही उतरता येतं. बडोदा आधी लागतं, अहमदाबाद त्यापुढे साधारण 100 किलोमीटर. दिवस एकच आहे, सोबत कुणी नाही आणि शक्यतो रिक्षा करायची नाही, तर कुठे उतरावं? मी दोन्ही शहरं अशीच पाहिली आहेत. माझं म्हणणं एवढंच, की स्थळांची यादी लावून ठरवू नका. दोन स्थळांच्या मधलं चालणं कसं आहे, ते बघा.

अहमदाबादेत हे मधलं चालणं म्हणजेच शहर. 1411 साली वसलेल्या जुन्या भागात पोळ नावाच्या वस्त्या आहेत. पोळ म्हणजे एक वेस, आत एक बोळ, त्याला फुटलेले आणखी बोळ आणि शेवटी बहुधा भिंत. कोरीव लाकडी घरं, दारापुढे ओटे, चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी, पाखरांना दाणे घालायला उंच खांबावर चबुतरा. चारचाकी आत सहसा शिरत नाही, त्यामुळे इथे पायी चालणं सोपं जातं. फोनवरचा नकाशा मात्र गोंधळतो. म्हणून सकाळीच आधी महानगरपालिकेच्या हेरिटेज वॉकला जावं. 1997 पासून तो चालू आहे. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, साधारण अडीच तास. एकट्या माणसाला तेवढ्यापुरती सोबत मिळते आणि बोळांची रीत कळते. नंतर हव्या त्या पोळीत पुन्हा एकटं शिरता येतं.

जामा मशीद 1424 ची, आत 260 खांब. तिथून पश्चिमेला बाजारातून तीन दरवाजापर्यंत या आणि थांबा. या दरवाज्यावर 1812 चा देवनागरी लेख आहे: वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही वाटा द्यावा, असा मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा हुकूम. खालून खरेदीची झुंबड वाहत असते. मी गर्दीत बाजूला सरून बराच वेळ वर बघत उभी होते. आपल्या लिपीतली अशी ओळ परक्या गावात भेटली की पाय निघत नाही. पुढे भद्रचा किल्ला आणि मग 1573 च्या सिदी सैयद मशिदीची झाडाची दगडी जाळी. ती उन्हं कलताना बघावी.

इथली अडचण दुपारची आहे. बाजारात सावली कमी, टेकायला जागा शोधावी लागते आणि हॉर्न डोकं उठवतात.

बडोद्याचं उलटं. तिथले बोळ हरवून जावं असे नाहीत, मधले रस्ते रुंद, वाहनांचे आणि काही ठिकाणी अगदी कंटाळवाणे. पण वाट जवळजवळ सरळ पूर्वेला जाते आणि विसाव्याच्या जागा बरोबर अंतरावर येतात. स्टेशनातून निघालं की विद्यापीठाचा मोठा घुमट, मग सयाजीबाग. 1879 ची ही बाग विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरली आहे. आतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. पुलावरून खाली जरूर बघा, या नदीत भर शहरात मगरी राहतात.

पुढे कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी भिंती रंगवल्या आहेत: गंगावतरण, मीरा, महाभारत. मला वाटतं, बडोद्याला उतरायला हे एक कारण पुरेसं आहे. मान वर करून हवा तेवढा वेळ बघत राहावं. ‘चल आता’ म्हणणारं सोबत कुणी नसतं, तेव्हाच हे जमतं.

मग सूरसागर तलाव, आणि दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा, आत भिंतभर चित्रं. या भागात, दांडिया बाजाराच्या आसपास, रस्ता मराठीतून विचारला तरी उत्तर मराठीतून येऊ शकतं. शेवट लहरीपुरा दरवाज्यातून आत मांडवीला. वाटेत शेव-उसळ खावी. आपल्या मिसळीची चुलत बहीण, पण मटकीऐवजी वाटाणा. लक्ष्मीविलास राजवाडा या वाटेवर नाही आणि तो अर्धा दिवस खातो. एकाच दिवसाच्या पायपिटीत मी तो सोडूनच देईन.

पहिल्यांदाच एकटी निघत असाल, वाट विचारायला संकोच वाटत असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर बडोदा. चार बाकांवर बसत, बागेत डबा खात दिवस निघतो. याआधी एकटं हिंडला असाल आणि वाट चुकण्याची भीती गेली असेल, तर अहमदाबाद, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडे पायी हिंडायचा हट्ट करू नका.

अहमदाबादेत मुक्काम करणार असाल तर लाल दरवाजाच्या आसपास खोली बघा. दिवसा सराफांचा असलेला माणेक चौक रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरतो आणि जेवून पायीच परत येता येतं.