‘८ टन’ लिहिलेली दोरी

आमच्या यवतमाळकडच्या काळ्या जमिनीत गाडी फसणं काही नवीन नाही. जुलैत पांदण रस्ता म्हणजे नुसता गारा. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग फोर-बाय-फोर असली तरी चारही चाकं जागच्या जागी लाटण्यासारखी फिरत बसतात. म्हणून मागच्या उन्हाळ्यात एका कृषी प्रदर्शनात ‘रिकव्हरी किट’चा स्टॉल दिसला तसा मी थांबलो. केशरी पिशवी, आत फसलेली गाडी ओढायची जाड विणलेली दोरी, ती गाडीला अडकवायला दोन शॅकल (आडवी पिन घालून बंद होणाऱ्या लोखंडी कड्या), हातमोजे. दोरीच्या लेबलवर ‘कायनेटिक, ८ टन’. शॅकलवरही ८ टनाचं स्टिकर.

खरंच ओढते का, विचारलं. पोरगं म्हणालं, “दाखवतोच न भाऊ!” बाहेर डांबरी रस्त्यावर माझीच गाडी न्यूट्रलला टाकायला लावली, त्याच्या गाडीला दोरी बांधली आणि शंभरेक फूट आरामात ओढून नेली. बघे जमले. तिघांनी जागेवर किट घेतलं, चौथा मी. ७,८०० रुपये, कच्ची पावती.

त्या ओढण्यातच सगळी हातचलाखी होती, हे मला फार उशिरा उमगलं. सपाट डांबरावर पावणेदोन टनाची गाडी सरकत ठेवायला २५-३० किलोचा जोर पुरतो. बंद पडलेली गाडी दोन माणसं ढकलतात ती त्यामुळेच. तेवढ्या कामाला बैलाचा कासरासुद्धा चालला असता. पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला मात्र तिच्या वजनाएवढा जोर लागू शकतो, चिखलाने धरून ठेवली तर त्याहून जास्त.

जुलैत शेतातून परतताना गाडी रुतली. शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर आला. कायनेटिक दोरीचा गुण असा, की ती नायलॉनची असते, ताणली की लांबते आणि तो ताण हळूहळू गाडीला देते. म्हणून ट्रॅक्टरवाल्याला थोडी ढील ठेवून जोर घ्यायला सांगितलं. पहिल्या हिसक्यालाच दोन्ही गाड्या दणकल्या. दोरी लांबलीच नाही. दुसऱ्या हिसक्याला माझ्या बाजूचं शॅकल फुटलं. आवाज सुतळी बॉम्बसारखा. शॅकलचा तुकडा दोरीबरोबर उडाला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. अंगठा बसेल एवढा खड्डा पडला, ड्रायव्हरच्या कमरेपासून हातभर अंतरावर. पोरासोरांना मी आधीच बांधापलीकडे हाकललं होतं, पण दोरीवर ओलं पोतं टाकायचं राहिलं होतं. ते टाकलं असतं तर उडालेल्या तुकड्याचा जोर बराच मोडला असता.

“दादा, हे माह्या डोक्यात बसलं असतं तं?” एवढंच तो म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी चाकांपुढचा गारा फावड्याने काढला, टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी चाकाखाली दाबली आणि ट्रॅक्टरच्या जाड साखळीने, हिसका न देता, गाडी काढली. रात्रीचे दहा वाजले.

सकाळी सालदाराने चिखलाची दोरी धुवायला हौदात टाकली आणि मला हाक मारली. “हे नायलॉन नाई जी. प्लास्टिकच्या सुतळीवानी तरंगून राह्यलं.” नायलॉन पाण्यात बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. (बुडालं म्हणजे नायलॉनच, असंही नाही. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते फारसं लांबत नाही. हिसक्याने ओढायला ते चालत नाही.)

फुटलेलं शॅकल लेथवाल्याकडे नेलं. त्याने तुटलेल्या जागी नखाने खरवडलं. आत करडे, रवाळ दाणे. “बिडाचं ओतकाम आहे साहेब, हे वाकत नाही, थेट फुटते.” मग दुसरं शॅकल मोजलं: अंग १९ मिलिमीटर, पिनही तेवढीच. पाऊण इंची चांगल्या बो-शॅकलची पिन अंगापेक्षा जाड, २२ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि रोज वापरायच्या वजनाचा ४.७५ टन हा आकडा घडवतानाच धातूत उठवलेला असतो. बोट फिरवलं की लागतो. माझं स्टिकर पहिल्याच पाण्यात निघालं होतं. शिवाय ते ८ टन कशाचे, रोज वापरायच्या वजनाचे की तुटायच्या वजनाचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

विकणाऱ्याला फोन केला. “तुम्ही चुकीचं वापरलं,” म्हणाला, आणि नंतर फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवायला फोन लावला, पण पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. कोणाविरुद्ध नोंदवता?

आता गाडीत सर्वात आधी फावडं, हवा मोजायचं मीटर, पंप, आणि जॅकखाली घालायला सागाची जाड फळी, नाहीतर जॅकच मातीत जातो. पक्क्या बिलाची नायलॉनची दोरी आहे, गाडीच्या वजनाच्या तिपटीला तुटणारी. ती चेसिसच्या हुकालाच लावतो. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, कधीच नाही, तो गोळा तुटून तोफेसारखा सुटतो.

गेल्या आठवड्यात पांढरकवड्याच्या मित्राने फोटो पाठवला. तीच केशरी पिशवी, भाव ९,०००. मी लगेच फोन करून आधी पिन मोज म्हटलं. त्याने पैसे सकाळीच पाठवले होते.