मोहरी लपवून खेळायची लिचेसची सोय आणि टार्नोपोलचा तो डाव

बुद्धिबळातला टार्नोपोलचा डाव आपल्याला पाठ आहे, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. मागच्या रविवारी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मोहरी लपवून तो खेळायला बसले, तेव्हा कळलं की मला फक्त चाली पाठ होत्या, पट नव्हता.

आधी सोय काय आहे ते सांगते. लिचेस फुकट आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. डाव चालू असताना मेन्यूतला ब्लाइंडफोल्डचा पर्याय निवडला की आपल्या पडद्यावरची सगळी मोहरी नाहीशी होतात, चौसष्ट घरं तेवढी उरतात. समोरच्याला मात्र सगळं दिसत असतं. शिवाय हवी ती स्थिती मांडून तिथूनच कुणालाही खेळायला बोलावता येतं. मी चौदा चालींनंतरची स्थिती मांडली आणि काळी मोहरी भाच्याला दिली.

डाव १९१६ सालचा. महायुद्ध चालू होतं, पुढे जगज्जेता झालेला रशियन खेळाडू अलेखाईन रेडक्रॉसच्या कामावर होता, आणि टार्नोपोलला (आताच्या युक्रेनमध्ये) पट न बघता तो फेल्टशी खेळला. सुरुवात फ्रेंच बचावाची. काळ्यानं किल्लेकोट करून राजा कोपऱ्याकडे नेलेला, वरवर बघता काही बिघडलेलं नाही. तिथे पांढऱ्याची, म्हणजे अलेखाईनची, पंधरावी चाल (घराच्या नावात अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा) : ई५ वरचा घोडा सरळ एफ७ वर! राजानं तो मारला, की वजीर ई६ चं प्यादं मारून शह देतो. वजीर उघडा, शेजारी राजा.

फेल्टनं वजीर मारला नव्हता, राजा जी६ वर नेला होता. भाचा म्हणाला, “मावशी, मी मारतोय हं वजीर.” आणि मारला.

उत्तर मला ठाऊक होतं, एफ३ चा घोडा जी५ वर, मात. तरी हात थांबला. ई७ वर काळ्याचा उंट आहे, तो जी५ चा घोडा मारणार नाही का? रिकाम्या पटाकडे मी दोन मिनिटं तरी बघत बसले असेन. मग एफ६ वरचा काळा घोडा ‘दिसला’. उंटाची वाट त्याच्याच घोड्यानं अडवलेली! त्या मातेत काळ्या राजाची चार घरं त्याच्याच मोहऱ्यांनी बंद केली आहेत : डी७, ई७, एफ६, एफ५. उरलेली पांढऱ्याच्या ताब्यात : डी५ सी४ च्या प्याद्याकडे, ई५ आणि डी६ एफ४ च्या उंटाकडे, एफ७ जी५ च्या घोड्याकडे. मोहरी समोर असताना हे मी कधी मोजलंच नव्हतं, मोजायची गरजच पडली नव्हती.

मग फेल्टसारखं खेळून पाहिलं. राजा जी६, प्यादं जी४, काळा उंट ई४, घोडा एच४, मात. इथे एच६ आणि जी५ दोन्ही घरं एफ४ चा उंट धरून बसलाय, आणि तो स्वतः जागचा हललेलाही नाही. मला या डावातला सगळ्यात सुंदर तोच वाटतो.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सेटिंग्जमध्ये जाऊन चालींचे ठिपके आणि शेवटच्या चालीचा रंग बंद करा, नाहीतर मोहरं कुठे आहे ते घरंच सांगून टाकतात. आणि चाल कीबोर्डवरून टाइप करण्याचा पर्याय चालू करा. रिकाम्या घरावर बोट ठेवून मोहरं ओढण्यापेक्षा ते फार सोपं जातं, आणि घराचं नाव मनात पक्कं होतं.

मोनॅकोच्या अँबर स्पर्धेत आनंद, क्रामनिक यांच्यासारखे जगज्जेते असेच पडद्यावरचा रिकामा पट बघत खेळायचे, म्हणजे ही सोय त्या जातीची आहे. टार्नोपोलसारखं खेळायचं तर रिकामा पटसुद्धा नको. येत्या रविवारी मी पडद्याकडे पाठ करून बसणार आहे, भाचा चाली वाचून दाखवेल.